जाड जाकीट की पातळ कपड्यांचे थर?

प्रश्न : आमचे गाव परभणी जिल्ह्यात मानवत तालुक्यात आहे. रब्बीला गहू आणि हरभरा असतो. लाईट रात्रीची असली की माझ्या यजमानांना रात्रीच दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शेतात जावे लागते. त्यांच्यासाठी गेल्या महिन्यात परभणीहून ३,२०० रुपयांचे जाड जाकीट आणले. ते म्हणतात, काम करताना त्यात घामाने अंग भिजते आणि आखाड्यावर (शेतातल्या खोपीवर) येऊन बसले की नुसत्या शर्टावर वाजत नव्हती एवढी थंडी वाजते. थोरला मुलगा सकाळी ७ वाजता मोटारसायकलवर परभणीला कॉलेजला जातो, तो दोन स्वेटर घालूनही गारठतो. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, नऊवारी नेसतात आणि स्वेटर घालायला तयार होत नाहीत. याहून भारी जाकीट घ्यावे का? आणि रात्री अंगात स्वेटर ठेवून झोपावे की काढून?
– एक भगिनी, मानवत तालुका

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. याहून भारी जाकीट घेऊ नये. आणलेले जाकीट वाईट आहे असेही समजू नये. ते चुकीच्या वेळी अंगावर असते, एवढीच त्याची अडचण आहे. यजमानांना जो अनुभव आला तो रात्री पाणी देणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांना येतो, आणि त्यावरून आता आपल्याला थंडी सोसत नाही असे ठरवून बरेच जण अधिक जाड कपड्याच्या मागे लागतात. खरे कारण वेगळे आहे. ते एकदा ध्यानात आले की घरातल्या तिघांचाही प्रश्न बराचसा घरच्याच कपड्यांत सुटतो.

कपडा स्वतः ऊब तयार करीत नाही. ऊब शरीर तयार करते आणि कपडा ती बाहेर जाऊ देत नाही. हे अडवण्याचे काम धाग्यापेक्षा धाग्यांच्या मधे अडकून राहिलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते, तर पाण्यातून ती हवेच्या सुमारे २५ पट वेगाने जाते. म्हणून कोरडा, फुगीर कपडा ऊब देतो आणि तोच कपडा ओला झाला, किंवा वजनाखाली दबून त्यातली हवा निघून गेली, की जवळजवळ निरुपयोगी होतो. दोन पातळ कपडे एकावर एक घातले तर प्रत्येकाच्या विणीत हवा असतेच, शिवाय त्या दोघांच्या मधेही हवेचा एक थर राहतो. मात्र वरचा कपडा इतका घट्ट असता कामा नये की खालचा त्याने दाबला जाईल. आपल्या मुलाच्या दोन स्वेटरांविषयी पुढे लिहितो आहे, तेथे हा मुद्दा पुन्हा येईल.

आता यजमानांच्या रात्रीकडे पाहू. खोरे घेऊन दार मोडणे, बांधणे, चिखलातून पाय उपसत पुढच्या साऱ्याला, म्हणजे पिकाच्या पुढच्या पट्ट्याला, जाणे, या कामात शरीर बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट उष्णता तयार करते. एवढी उष्णता जाड जाकिटातून बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून शरीर घाम सोडते. तो घाम बनियन, शर्ट आणि जाकिटाचे अस्तर शोषून घेतात. काम थांबवून ते आखाड्यावर टेकले की काही मिनिटांत शरीराची उष्णता तयार करण्याची गती उतरते, पण अंगाला चिकटलेला ओलावा सुकायचे काही थांबत नाही. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने आता माणूस गार होतो. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि ओली बनियन वाळेपर्यंत असे कितीतरी ग्रॅम पाणी अंगाच्याच उष्णतेवर सुकवावे लागते. नुसत्या शर्टावर काम केले तेव्हा थंडी कमी वाजली असे ते म्हणतात, त्यात काहीही अतिशयोक्ती नाही. त्या दिवशी त्यांना घाम कमी आला होता.

आपल्या भागातल्या थंडीचा स्वभावही येथे विचारात घ्यावा लागतो. पाऊसकाळ संपला की मराठवाड्यात हवा कोरडी होते, आभाळ निरभ्र राहते, आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आभाळाकडे भराभर सोडून देते. उत्तरेकडून गार वारे आले म्हणजे तर विचारायलाच नको. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किमान तापमान २ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आले होते. अशा टोकाच्या रात्री थोड्याच, पण पहाटे १० अंश आणि दुपारी २८ ही तफावत आपल्याकडे सर्रास असते. हिमालयाच्या गावात दिवसभर थंडीच असते, तेथे सकाळी घातलेले जाड कपडे रात्रीपर्यंत अंगावर राहिले तरी चालतात. आपल्याकडे एकच जाड कपडा म्हणजे पहाटे पुरे आणि ९ वाजता नकोसा. त्यामुळे थर घालायचे ते मुख्यतः काढता यावेत म्हणून, आणि काढलेला कपडा कोठे ठेवायचा याची सोयही निघतानाच केलेली असावी.

यजमानांसाठी माझी सूचना अशी आहे. अंगालगतचा कपडा हा सर्वांत महत्त्वाचा आणि नेमक्या त्याच्याकडेच आपले सर्वांत कमी लक्ष असते. सुती बनियन रोजच्या वापराला उत्तम, पण सूत ओलावा धरून ठेवते. साध्या हवेतही त्यात स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि घामाने भिजल्यावर ते वाळायला फार वेळ लागतो. पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्काही पाणी घेत नाही. म्हणून घाम येणाऱ्या कामासाठी आत क्रिकेटच्या स्पर्धेत वाटतात तसा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट घालावा. असा एखादा टी-शर्ट बहुतेक घरांत पडून असतो, तो अंगाला बेताचा बसणारा असला म्हणजे झाले. थर्मल विकत घ्यायचे असेल तर ते सुती आहे की मिश्र धाग्याचे, हे आतल्या चिठ्ठीवर वाचून घ्यावे; निव्वळ सुती थर्मल घरात बसणाऱ्यासाठी चांगले, दारे धरणाऱ्यासाठी नाही. त्यावर नेहमीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर पुढून उघडणारा स्वेटर, आणि वारा असेल तर सर्वांत वर पातळ विंडचीटर, एवढे पुरेसे आहे. रेनकोट मात्र वारा अडवत असला तरी कामाच्या वेळी घालू नये, कारण तो घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही.

घरातून निघताना त्यांना किंचित थंडी वाजली पाहिजे. हे वाचायला विचित्र वाटेल आणि घरच्या बाईमाणसाला तर अजिबात पटणार नाही, पण निघतानाच जो ऊबदार असतो तो पहिल्या दोन साऱ्यांतच घामाघूम होतो. मोटार चालू करून पाणी लागले आणि अंगात ऊब आली की घाम फुटायच्या आत विंडचीटर किंवा स्वेटर काढून ठेवावा. आपण आणलेले जाकीट या सर्व वेळात आखाड्यावर पिशवीत कोरडे असावे. काम थांबले की आधी आतला ओला कपडा बदलून कोरडी बनियन घालावी आणि मग तिच्यावर शर्ट, स्वेटर आणि जाकीट चढवावे. थंडी वाजायला लागल्यावर जाकीट शोधण्यापेक्षा अंग अजून गरम असतानाच ते घालणे अधिक उपयोगाचे, कारण मग आतली हवा तापवायला शरीरात उष्णता शिल्लक असते. कोरडी बनियन आणि कोरडे पायमोजे एका पॉलिथिनच्या पिशवीत बांधून रोज सोबत द्यावेत. माझ्या मते ३,२०० रुपयांच्या जाकिटापेक्षा या पिशवीचा उपयोग त्यांना जास्त होईल.

पायांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. हिवाळ्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा गरम असते, कारण जमिनीच्या पोटातले तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. त्यामुळे पाण्यात उभे असताना पाय बरे वाटतात आणि बांधावर आल्यावर झिणझिण्या येतात. गमबूट असतील तर ते एका जाडसर पायमोजासह आरामात जातील एवढे सैल असावेत. दोन मोजे कोंबून घातले की पाय आवळला जातो, रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि पाय अधिकच गार पडतो. डोक्याबद्दल उलट सांगावेसे वाटते. निम्मी ऊब डोक्यातून जाते असे पुष्कळांनी ऐकलेले असते, पण ते खरे नाही. डोक्यातून जाते ती त्याच्या आकारमानाइतकीच, म्हणजे दहाव्या हिश्शाच्या आसपास. कानटोपी किंवा उपरणे बांधावेच, कारण कान लवकर दुखतात. मात्र डोके बांधले म्हणजे छातीवर काही नसले तरी भागेल, हा समज सोडून द्यावा. उलट घाम येऊ लागला असेल तर सर्वांत आधी काढायला टोपी हीच सोयीची वस्तू आहे.

शेकोटीपाशी एक काळजी घ्यावी. पॉलिस्टर, ॲक्रिलिक आणि नायलॉन हे धागे ठिणगीने वितळतात आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. नव्या जाकिटाचे वरचे कापड याच जातीचे असते. जाळाजवळ बसताना त्यावर घोंगडी किंवा जाड सुती चादर घ्यावी. लोकर सहसा भडकत नाही.

मुलाची अडचण निराळी आहे. तो घामाने भिजत नाही, वाऱ्याने गारठतो. त्याचे दोन्ही स्वेटर विणीचे असतील तर वारा दोघांच्याही जाळीतून आरपार जातो आणि अडकलेली हवा दर क्षणाला वाहून नेतो. तिसरा स्वेटर घातला तरी फरक थोडाच पडेल. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी चालवली तर उघड्या कातडीला ते साधारण ५ ते ६ अंशांसारखे जाणवते. त्याने एकच स्वेटर घालावा आणि त्यावर वारा न शिरणारे काहीतरी, मग ते साधे विंडचीटर असो की पावसाळ्यातले रेनकोटचे जर्किन. गाडीवर अंगमेहनत नसल्यामुळे रेनकोटचा जो दोष शेतात नडतो तो येथे नडत नाही. घाईच्या वेळी शर्ट आणि स्वेटर यांच्या मधे छातीवर वर्तमानपत्राची चौपदरी घडी ठेवण्याचा जुना उपाय आजही तितकाच चालतो, आणि कॉलेजात पोहोचल्यावर तो खिशात ठेवता येतो किंवा वाचता येतो. दुसरा स्वेटर तंग असेल तर तो पहिल्या स्वेटरातली हवा दाबून टाकतो, तेव्हा तो घरीच राहू द्यावा. हातमोजे वाऱ्याला अडवणारे घ्यावेत, पण क्लच आणि ब्रेक नीट आवळता येतात ना हे दुकानातच मूठ वळवून पाहावे. मफलरची टोके जर्किनच्या आत खोचलेली असावीत, बाहेर फडफडणारे टोक चाकात गेले तर थंडीची गोष्ट बाजूलाच राहील. परतताना दुपारी ऊन असते, त्यामुळे हे सर्व मावेल अशी पिशवी किंवा डिकी हवी.

सासूबाईंचा नकार मला समजतो. नऊवारीचे कमरेभोवती आणि मांड्यांभोवती इतके पदर येतात की तेथे त्या कोणाही स्वेटरवाल्यापेक्षा जास्त थरांत असतात, आणि म्हणूनच त्यांना आपल्या अंगावर पुरेसे कपडे आहेत असे प्रामाणिकपणे वाटते. उघड्या राहतात त्या पोटऱ्या, पावले, हात आणि पाठीचा वरचा भाग. शिवाय उतारवयात थंडीची जाणीव बोथट होते, कुडकुडणे कमी होते आणि शरीरात उष्णताही कमी तयार होते; त्यामुळे "मला थंडी वाजत नाही" या त्यांच्या बोलण्यावर विसंबून राहता येत नाही. त्यांच्या पोटाला किंवा पाठीला आपला हात लावून पाहावा. तेथे अंग गार लागत असेल, बोलणे जड झाले असेल किंवा त्या नेहमीपेक्षा सुस्त, गोंधळलेल्या वाटत असतील, तर नुसते पांघरूण वाढवून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली जाणे हे दुखणेच आहे, आणि वृद्धांमध्ये ते घरात बसल्या बसल्याही होऊ शकते.

त्या स्वेटर घालत नाहीत याचे एक साधे कारण असेही असू शकेल की डोक्यातून घालायचा स्वेटर त्यांचे खांदे वर जात नसल्यामुळे त्यांना घालवत नाही आणि सुनेला तसे सांगणे त्यांना अवघड वाटते. पुढून उघडणारा, मोठ्या गुंड्यांचा, बिनबाह्यांचा असला तरी चालेल, असा हलका स्वेटर पदराच्या आत, चोळीवर घालायला द्यावा. पदर वरून येतो, म्हणजे स्वेटर दिसतही नाही आणि पदराचा थर त्यावर पडतो. हातांसाठी पूर्ण बाह्यांची चोळी शिवून घ्यावी. पायांत अंगठा वेगळा असलेले मोजे द्यावेत, चप्पल घालता येते म्हणून ते म्हाताऱ्या माणसांना पटतात. फरशीवर मोजे घसरतात, तेव्हा चप्पल असावीच. शाल त्या घेतीलच, पण शाल खांद्यावरून सरकते आणि चुलीपाशी तिचे टोक जाळावर जाते, हे लक्षात असू द्यावे. लग्नकार्यात मिळालेली हिमरूची शाल घरात असेल तर ती समारंभासाठीच ठेवावी. छत्रपती संभाजीनगरची ती कारागिरी देखणी खरी, परंतु सूत आणि रेशमाची ती विण पहाटेच्या गारठ्यासाठी नाही. त्यांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार बंद करण्याची पद्धत असेल तर ती आजपासून बंद करावी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

आता झोपेविषयी. वाकळ म्हणजे थरांचीच वस्तू आहे. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवले की दोन टाक्यांच्या मधल्या प्रत्येक फुगवट्यात हवा राहते. एक फार जड वाकळ घेण्यापेक्षा दोन हलक्या घेतल्या तर ऊब अधिक आणि रात्री एक बाजूला सारताही येते. सूत ओलावा धरते, हा त्याचा शेतातला दोष येथेही आहे, म्हणून वाकळी दुपारच्या उन्हात टाकाव्यात आणि ऊन उतरण्याआधीच आत घ्याव्यात. संध्याकाळपर्यंत बाहेर राहिल्या तर दिवसभराचे वाळवणे दहिवर, म्हणजे दव, घेऊन जाते.

अंगाखालच्या थराकडे मात्र आपले हमखास दुर्लक्ष होते. आपल्या वजनाने खालची वाकळ दबते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि उष्णता खाली जमिनीत उतरत राहते. अंगावर तिसरे पांघरूण घेण्याऐवजी तेच खाली घालून पाहावे, फरक पहिल्याच रात्री कळेल. जमिनीवर झोपायचे असेल तर सर्वांत खाली सतरंजी, तिच्यावर घडी केलेली घोंगडी आणि मग वाकळ घालावी. यजमान आखाड्यावर बाजेवर पडत असतील तर तेथे खालून वाराच लागतो. तेव्हा बाजेवर आधी पोत्यांचा बारदाना दुहेरी अंथरावा, त्यावर घोंगडी आणि त्यावर वाकळ. उघड्यावर झोपताना अंगावरची सर्वांत वरची वस्तू घोंगडी असावी. चिंचोक्याची खळ दिलेली खरी घोंगडी ताठ असते, टोचते, पण वारा आणि दहिवर अडवते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा घेईपर्यंत ओली वाटत नाही. बाजारात लोकरीच्या नावाखाली ॲक्रिलिकच्या घोंगड्याही विकल्या जातात. एखादा धागा उपटून जाळून पाहावा. केस जळल्याचा वास येऊन त्याची चुरगळणारी राख झाली तर लोकर, आणि वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

आणि आपला शेवटचा प्रश्न, रात्री स्वेटर अंगात ठेवावा का. दिवसभर अंगात असलेल्या कपड्यात घामाचा थोडा ओलावा असतोच, म्हणून तो घालून झोपू नये. झोपताना कोरडा, धुतलेला, सैल कपडा घालावा आणि हवा असल्यास त्यावर दुसरा, रात्रीपुरता ठेवलेला हलका स्वेटर गुंड्या सोडून घालावा. मध्यरात्री घाम येऊन जाग येत असेल तर स्वेटर काढावा आणि पहाटेसाठी तो उशाशीच ठेवावा. सासूबाईंना मात्र मोजे घालूनच झोपवावे, आणि पहाटे त्या लघवीला उठतात तेव्हा अंगावर घ्यायची शाल त्यांच्या हाताला येईल अशा जागी ठेवावी.